नवऱ्याचं नख

मी मूळची वणीची. आई माझी गुजरातकडची, लग्न होऊन वणीला आली ती बांधणीचं काम हातात घेऊनच आली, म्हणून आम्हा पोरींच्या हाताला ते लागलं. काय सांगू तुम्हाला, ह्या कामाला सुई नाय का यंत्र नाय, करंगळीचं नख तेवढं लांब पाहिजे. नखाच्या टोकावर कापड उचलायचं, दोरा गुंडाळायचा, आवळायचा, मग कापड लाल रंगात बुडवलं का जिथं गाठ तिथं पांढरी बुंदकी राहते. असं अख्खं कापड गाठींनी भरायचं.

मला बघायला आले तवा सासूबाई माझं नखच बघत बसल्या, म्हणे नखं वाढवणारी पोर भाकरी काय थापणार. थापल्या की मी, लग्न होऊन पंचवटीत आले तशी करंगळी वर धरून थापतेच हाय.

आता आमच्या ह्यांचं ऐका. हे रिक्षा चालवतात. ह्यांनीबी करंगळीचं नख वाढवलेलं, माझ्याहून लांब, पण त्याचं काम काय, तर कान कोरायचं. जन्मभर मी त्या नखावरून भांडले. मग आमच्या जयूचं, पोरीचं, लग्न ठरलं आणि मी सगळ्या पाहुण्यांदेखत बोलून बसले, मंगलाष्टकाला पोरीच्या डोक्यावर ओढणी असंल ती माझ्याच हातची.

ओढणीचा शेवटचा कोपरा तेवढा राहिला आणि व्याही चहाला आले. हे त्यांच्यासमोर कान कोरत बसले. लय लाज वाटली हो मला. व्याही गेले तशी मी नेलकटर घेऊन ह्यांच्या मागं, हे पुढं, रिक्षापाशी गाठलं, हात धरला, ह्यांनी हिसडा दिला आणि कट्कन नख तुटलं. माझं.

लग्न तोंडावर, नख काय चार दिवसांत वाढतं का? जयू म्हणाली पार्लरमधलं नकली लाव. लावलं, पहिल्याच गाठीला दोऱ्यासंगं उपटून आलं. मी रडायलाच लागले. तवा हे म्हणाले, रडू नको, माझं हाय ना. मी म्हणले, आधी साबणानं घासून या.

बसले हो! रिक्षा दारात उभी, मी शेजारी, असं उचला, असं आवळा, आणि हे जीभ दाताखाली धरून, घाम पुसत गाठी मारतायत. रंगवून गाठी सोडल्या तर माझी बुंदकी मोहरीएवढी आणि ह्यांची बत्ताशाएवढी. जयूला म्हणले, तो कोपरा आत दडप बाई, लोक हसतील.

पोरीनं ऐकलं नाय. मंगलाष्टकाला तोच कोपरा पुढं, आणि येईल त्याला सांगतेय, हे माझ्या पप्पांनी बांधलंय. पाठवणीला तोच कोपरा मुठीत धरून रडली, हे रिक्षामागं जाऊन रडले. मलाबी भरून आलं, खोटं कशाला बोलू.

आता माझं नख आलंय परत. जयूला दिवस गेलेत, बाळाचं दुपटं बांधायला घेतलंय मी, आणि तिचा हुकूम हाय, एक कोपरा पप्पांचा. हे समोर बसून कान कोरतात. मी बघते, गप बसते, आणि देवापुढं हात जोडले का म्हणते, बाबा, माझं काय व्हायचं ते होऊ दे, ह्यांच्या नखाला आयुष्य दे.