माशांचं औषध

धसईच्या स्टँडावर मुरबाडच्या गाडीसाठी रांग लागली होती. शेखरच्या पुढे तळ्यात मासे पाळणारा धाऊ उभा होता आणि त्याच्याही पुढे रानपाला विकणारी हिरी.

"हिरीबाय, रोहूंच्या अंगावरचे लाल चट्टे गेले गो!"

"गुळवेल चारलीस ना?"

"चारली. कोंडा, पेंड, हळद, लसूण, सगळं मळून गोळे केले. महिन्यात एक मासा मेला नाय."

"मंग झालं तर."

"आता त्यात गेळफळंपण घालतोय. तुमची माणसं ओढ्यावर कुटत होती ना? म्हटलं, तेही माशांचंच औषध असंल."

"माशांचंच हाय. पाण्यात टाकलं की मासे गुंगून वर येतात, मंग आमी धरतो."

धाऊ रांग सोडून बाहेर आला.

"घातलंस का रे?"

"कुटून ठेवलंय. घरी बायकोला, देवकीला सांगून आलोय, बाराला तळ्यात टाक म्हणून."

शेखरने घड्याळ पाहिलं. पावणेबारा. त्याने खिशातून सायकलची चावी काढून धाऊपुढे धरली.

"टपरीमागं उभी आहे, दादा."

धाऊ पळतच सुटला. हिरी रांगेतूनच ओरडली,

"कुटलेलं फेकू नको रे! उद्या ओढ्यावर आमाला लागंल!"