दार असलेला बाक

वाटाड्या : ...तर मुलांनो, आता डोळे मिटा आणि कल्पना करा. दोनशे वर्षांपूर्वीचा रविवार. वर घंटा वाजतेय, बाहेर बग्ग्या थांबताहेत...

नात : पण मी एकटीच आहे.

वाटाड्या : सवय आहे गं तोंडाला.

आजी : माझे डोळे आपोआपच मिटायला लागलेत. तासभर उभी आहे मी. गुडघे बोंबलताहेत. जरा टेकू का इथे?

वाटाड्या : छे छे! हे बाक ऐतिहासिक आहेत, आजी.

आजी : मीही काही काल-परवाची नाही.

नात : बाकांना दारं कशाला? कपाटासारखी?

वाटाड्या : छान प्रश्न! हे शहरातलं सर्वांत जुनं अँग्लिकन, म्हणजे इंग्रजांच्या पंथाचं चर्च. बड्या घराण्यांनी आपापले बाक घेऊन ठेवलेले. दार लावलं की वारा लागत नसे.

आजी : वारा, की शेजारी?

नात : आणि ज्यांचा बाक नव्हता ते?

वाटाड्या : ते मागे, भिंतीशी उभे राहायचे.

आजी : म्हणजे माझ्यासारखे. परंपरा मात्र चोख सांभाळलीत हं!

वाटाड्या : ही संगमरवरी पाटी बघा. या बाकाचे मालक. लिहिलंय, ‘थकल्याभागल्यांचा आधार’.

नात : आजी थकलीय.

वाटाड्या : ते वेगळं गं. हे जहाजांचे मालक होते.

नात : त्यांच्या घरचे अजून येतात?

वाटाड्या : शेवटचे गृहस्थ वारले, त्याला साठ वर्षं झाली.

आजी : साठ वर्षं जागा धरलीय? जाताना रुमाल तरी टाकून गेले होते का?

वाटाड्या : थट्टा नको, आजी. कुणी बसलेलं दिसलं तर बोलणी मला बसतात. सकाळपासून ही चौथी फेरी. मीसुद्धा टेकलेलो नाही.

आजी : राहू दे बाबा, तुझ्या पोटावर पाय नको. चल गं, घरी जाऊ. आता खरंच उभं राहवत नाही.

(दाराची खिटी सरकते.)

वाटाड्या : अगं, ए! दार लाव ते!

नात : लावते, आजी आत आली की. ये आजी, सावकाश. पायरी आहे हं.

आजी : आई गं... बसले बाई एकदाची! गादी मात्र मऊ आहे मेल्यांची.

वाटाड्या : उठा, आजी, उठा! कुणी पाहिलं तर काय सांगू मी?

नात : आजी, जरा सरक. काकांनाही बसू दे.