पट्टी सोडून पाहणारे

मंडळी, तुमी कामधंदे सोडून शोकसभेले आले. मले बोलाचं नव्हतं. पण केशवदादाची धाकटी बहीण म्हणून उभं केलं, तं उभी हाय. गोड बोलणं जमणार नाही, आधीच सांगते.

दादा मूर्तिजापूरचा शिंपी. इथं बसलेल्या कितीकायच्या अंगावर त्याच्याच हातचे कपडे हायेत. मशीन पायानं चालते. त्याच पायाच्या तळव्याले जखम झाली. अंगात साखर, त्यानं ती भरेच ना.

अमरावतीले मोठ्या डॉक्टरले दाखवलं. ते म्हणाले, "बाई, या जखमेला रक्तातून प्राणवायूच पोचत नाही. परदेशात अशा रोग्यांना लोखंडी खोलीत बसवून दाबाखाली प्राणवायू देऊन पाहताहेत."

मी इचारलं, "मंग याची भरन काय?"

"कोणाची भरते, कोणाची नाही. आधी कोणालाच सांगता येत नाही. तुम्ही एकच करा. बांधलेली पट्टी उगाच सोडू नका."

डॉक्टरले सांगता येत नव्हतं. तुमाले येत होतं! ओसरीवर जो आला, त्याले येत होतं. "पाहू दे बरं पाय." न पाहता उठलं तं माया नाही, असंच न आपल्याकडं? एक म्हणे भरून राहिली. दुसरा म्हणे चिघळून राहिली. मी सकाळी बांधावं, दुपारी कोणीतरी सोडावं. काहून? काहून पाहाचं होतं तुमाले?

आन् दादा, तुह्यावरही राग हाय. मी चिडली का तू हासून म्हणत होता, "शांते, शिवण टिकली का म्हणून मी रोज सदरा उसवून पाहिला, तं सदरा राहीन काय?" समजत होतं न तुले? मंग पावणा दिसला का सोताच गाठ काहून सोडत होता?

त्याले कोणाले "नाही" म्हणता आलं नाही. पाय काळा पडला. कापाले नेलं, तं विष अंगभर गेलं होतं.

त्या लोखंडी खोलीनं जखम भरली असती काय? मले नाही सांगता येत. पण पट्टी तं आपल्या हातात होती!

तुमी वाईट नाही. मायेनंच आले. याचाच जास्त राग येते.

दादाले उचलाच्या आधी मी त्याच्या पायाले कोरी पट्टी बांधली. तेवढी एक कोणी सोडली नाही.

उठा आता. दोन मिनिटं त्याच्यासाठी उभे राहा. आन् कोणी काही सांगू नका.