रहिवाशांच्या कोट्यातले दोन परवाने

टॅमरॅक काउंटी शेरीफ कार्यालय, लोडिन
गुरुवार, दि. २९ ऑगस्ट २०२४, सकाळी ९.४० वाजता

नाव: थीआ आर्लो ब्रेखुस. वय: २४ वर्षे. धंदा: नोकरी (दातांच्या कवळ्या तयार करण्याची प्रयोगशाळा). राहणार: बॉयसी, आयडाहो. मूळ घर: गूजबेरी रोड, लोडिन.

मी स्वतः होऊन इथे आले आहे, मला कुणी बोलावलेले नाही. वन्यजीव खात्याचे अधिकारी श्री. मॅक्विल्किन यांच्यासमोर मी सांगते ते असे की,

माझे वडील आर्लो ब्रेखुस, वय ६४, लाकूड गिरणीतून निवृत्त झाले आहेत. आई मी सहा वर्षांची असताना वारली. माझे बारावीपर्यंतचे शिक्षण वडिलांनी घरीच करून घेतले. अपूर्णांक मी शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीवरून शिकले. दर वसंतात खात्याची नियमपुस्तिका आली की ते माझ्याकडून ती मोठ्याने वाचून घेत. तेराव्या वर्षापासून घरातले सगळे अर्ज मीच भरते.

आमच्या डोंगरभागात रानमेंढ्याच्या शिकारीचे दरवर्षी चार परवाने सोडतीने निघतात. तीन राज्याच्या रहिवाशांना, एक बाहेरच्यांना. वडील तेवीस वर्षे अर्ज करत होते. जितकी वर्षे अर्ज केला, तितकी सोडतीत संधी वाढते. एकदा परवाना लागला की पुन्हा अर्ज करता येत नाही.

मी १२ फेब्रुवारी रोजी नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात, बॉयसीला गेले. तयार कवळ्या दवाखान्यांत पोचवण्यासाठी गाडी चालवावी लागते, म्हणून ९ एप्रिल रोजी मी आयडाहोचे वाहन चालवण्याचे लायसन्स काढले. २७ एप्रिल रोजी, शनिवारी, घरी येऊन मी वडिलांचा आणि माझा एकत्र अर्ज भरला. एकत्र अर्ज म्हणजे लागला तर दोघांना, नाहीतर कुणालाच नाही. ही कल्पना माझी होती. वडिलांच्या फुप्फुसांच्या आजारामुळे त्यांनी एकट्याने डोंगर चढू नये असे मला वाटत होते. ते म्हणाले होते की त्यांना एकट्याचा अर्जही चालेल.

‘रहिवासी’ या चौकटीत मी दोघांसाठी खूण केली. या वर्षी मी नियमपुस्तिका वाचली नव्हती. माझी खोली तशीच आहे, कपाटात माझे कपडे आहेत, त्यामुळे मी इथलीच, असे मी धरून चालले. कुणाला फसवण्याचा हेतू नव्हता. मात्र पुस्तिका स्वयंपाकघराच्या टेबलावरच होती, हेही मला सांगितले पाहिजे.

११ जूनला सोडत निघाली. तीनपैकी दोन परवाने आमच्या घरात आले. वडिलांनी फोन करून दोन्ही परवान्यांचे क्रमांक मला दोनदा वाचून दाखवले.

२० जुलैला मी घरी आले आणि माझा परवाना हातात घेतला. मागच्या बाजूला छापले आहे की दुसऱ्या राज्याचे लायसन्स घेतले त्या दिवशी रहिवास संपतो. २२ जुलैला मी बॉयसीहून खात्याला फोन केला. नाव सांगितले नाही. एकत्र अर्जात एकाची माहिती खोटी निघाली तर काय होते, असे विचारले. फोनवरच्या बाईंनी सांगितले की दोन्ही परवाने रद्द होतात, दोघांची अर्जाची सगळी वर्षे शून्यावर येतात आणि हंगामाआधी कळले तर परवाने प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या रहिवाशांना जातात. त्यानंतर पाच आठवडे मी कुणालाही काही सांगितले नाही.

शिकारीसाठी सुट्टी घेऊन मी घरी आले. २४ ऑगस्टला इथल्या पोस्टात डेल्मा रकर्ट भेटल्या. त्या शाळेची बस चालवतात, वय ६१. प्रतीक्षा यादीत पहिले नाव त्यांचे आहे. त्या म्हणाल्या, “सव्वीस वर्षं अर्ज भरतेय गं. आता एखादा मेंढाच म्हातारा होऊन माझ्या बसमध्ये चढेल. तुझ्या बापाला सांग, बरगड्यांचं मटण एकट्यानं चापू नकोस म्हणावं.” त्यांनी माझ्या गालाला हात लावला. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारच्या जेवणाच्या वेळी मी वडिलांना सगळे सांगितले. ते बंदुकीची दुर्बीण पुसत होते. आमचे बोलणे आठवते तसे सांगते.

ते म्हणाले, “तू बाहेरची? कोण म्हणतं?”

मी म्हटले, “नियम म्हणतो, बाबा.”

“नियम वाचायला मी शिकवलं तुला. आता मलाच वाचून दाखवणार?”

मी म्हटले की अर्ज बाहेरच्यांच्या कोट्यात जायला हवा होता, आपण डेल्माबाईंचा परवाना घेतला आहे. ते म्हणाले, “पुढच्या रविवारी हंगाम उघडतोय, तो उजाडेपर्यंत गप्प बस, पोरी. मग कुणाला काय सांगायचं ते सांग. पुढच्या वर्षी माझ्याच्यानं चढवणार नाही.” नंतर त्यांनी सूप संपवले आणि माझीही वाटी विसळून ठेवली.

बाहेरच्यांना दोन परवाने द्यावेत असा प्रस्ताव मार्चमध्ये काउंटीच्या सभेत आला होता. वडील त्याविरुद्ध बोलले होते. इथला हिवाळा जो काढतो त्याचाच मेंढ्यावर आधी हक्क, असे ते म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते भाषण मी बॉयसीहून टाइप करून पाठवले होते. रविवारी यातले काहीही मी त्यांना बोलून दाखवले नाही.

मंगळवारी, २७ ऑगस्टला मी उठले तेव्हा ट्रक दारात नव्हता. तंबू, बंदूक आणि त्यांचा परवाना नेलेला होता. श्वासाची औषधे नेली आहेत, मी खात्री केली. माझा शिधा वेगळा बांधून टेबलावर ठेवला होता. चिठ्ठी नव्हती. वर डोंगरात फोन लागत नाही. काल दिवसभर मी घरी थांबले.

हंगाम रविवारी, १ सप्टेंबरला सूर्योदयाला उघडतो. श्री. मॅक्विल्किन यांनी विचारल्यावरून सांगते की वडिलांना परवान्याबद्दल खरी गोष्ट २५ तारखेपासून ठाऊक आहे. त्याआधी ठाऊक नव्हती. आजपर्यंत त्यांनी कधीही परवान्याविना जनावर मारलेले नाही. रविवारी मारले तर ते जाणूनबुजून मारलेले ठरेल, हे मला समजते. तसे होऊ नये म्हणून मी आज आले आहे. माझा परवाना मी जमा केला आहे.

वडील नेमके कुठे आहेत, असे श्री. मॅक्विल्किन यांनी विचारले. ते स्वतः शिकारी आहेत. विचारताना ते माझ्याकडे न बघता नकाशा उलगडत होते. आमच्याकडे कुणी कुणाची शिकारीची जागा विचारत नाही आणि विचारली तरी कुणी खरी सांगत नाही. वडिलांनी त्यांची जागा मला अकराव्या वर्षी दाखवली. त्यांच्या सख्ख्या भावालाही ती ठाऊक नाही. मी थोडा वेळ मागून घेतला. तो मिळाला.

सॅडलर खोऱ्याच्या वरच्या टोकाला, जळक्या झाडांच्या पट्ट्यापलीकडे, कड्याच्या पोटात एक झरा आहे. तो ऑगस्टमध्येही आटत नाही. तंबू झऱ्याच्या खाली, वारा लागू नये म्हणून दगडाआड असतो. मेंढे उन्हे चढल्यावर वरच्या कपारीत येतात. वर जाणाऱ्यांनी दक्षिणेकडून जावे, म्हणजे वडिलांना ते लांबूनच दिसतील आणि दचकायला होणार नाही. ते कुणावर बंदूक उगारणार नाहीत. त्यांना खाली घाईने चालवू नये.

वाट दाखवायला बरोबर येणार का, असे मला विचारण्यात आले. मी नाही म्हणाले. जागा तुम्हाला कुणी सांगितली असे वडिलांनी विचारले तर माझे नाव सांगावे. ते विचारणार नाहीत.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिलेला आहे, कुणाच्या दबावाखाली दिलेला नाही. सोबतच्या नकाशावरची फुली मी माझ्या हाताने केली आहे.

(सही) थीआ ब्रेखुस

समक्ष: (सही) आर. मॅक्विल्किन, वन्यजीव अधिकारी