युसूफची दोन मापाची सायकल

माहा जन्म मूर्तिजापूरचा. बाप लायनीवर गँगमन व्हता, शकुंतला म्हनत त्या लहान गाडीले, मूर्तिजापूरवरून अचलपूरले जाय, अशी हळू चाले का मानूस खाली उतरून बोरं तोडून घे अन् पळत जाऊन परत चढे. त्याच गाडीनं मी परतवाड्याले, अचलपूरले लागूनच आहे ते, आलो, आत्याच्या घरी राह्याले, शाळा सुटली व्हती अन् आत्याच्या नवऱ्यानं मले सायकलच्या दुकानात लावून देल्लं. आता ती गाडी बंद, बाप गेला, आत्या गेली, मी आहो तथीच आहो. देविदास नाव माहं, पन गावात कोनाले देविदास विचारसान तर सांगता येनार नाई, देवा सायकलवाला म्हना, घरापर्यंत आनून सोडतीन.

तर त्या दुकानात युसूफ आधीपासून व्हता. माह्यापेक्षा दोन वर्षानं मोठा, हात असा का काय सांगू तुमाले, वाकडं झालेलं चाक उलट्या सायकलवर फिरवे, डोये मिटे, बोट टेकवून पाहे, अन् म्हने इथी आहे बे आऊट, मंग चार आरे पिळले का चाक सरळ. मले सारं त्यानंच शिकवलं. मालक म्हातारा झाला तवा त्यानं दुकान आमा दोघाईच्या हवाली केलं, ते आजपर्यंत. पोरंसोरं आमाले एकच समजत, युसूफ-देवा, जसं एकाच मानसाचं नाव. माह्या लग्नात तो नाचला, त्याच्या लग्नात मी वाढायले व्हतो. माह्या घरी लेकरू नाई झालं, त्याले एक पोरगी झाली, ती मले चाचा म्हने अन् माह्या बायकोच्या, शोभाच्या मांडीवर वाढली. नसीम भाबी, म्हंजे युसूफची बायको, अशी का हसली तर खूप हसन अन् नाई तर दिवसभर शिलाई मशीनवर चूप.

आता सायकलचं सांगतो. इथी घाट जवळ, चिखलदऱ्याचा, म्हनून पहाडी सायकली घेऊन लोक येतात, अमरावतीचे, नागपूरचे. एक साहेब व्हते, बदली झाली, सायकल दुरुस्तीले ठेवून गेले ते परत आलेच नाई. समोरचं चाक पापडासारखं मोडलेलं, चाक धरनारा चिमटाबी वाकलेला. दोन-तीन वर्षं ती आमच्या भिंतीले टांगून राहिली. मंग युसूफ एकदा अकोल्याले गेला, तथी एका भंगारवाल्याकडं त्याले दुसऱ्या पहाडी सायकलचा चिमटा भेटला, शॉकअपवाला, अन् त्याच्यासंगं चाक, पन ते चाक मोठं, एकोनतीस इंचाचं. आपली सायकल साडेसत्तावीसची. मी म्हनलो अरे मापच नाई जमत, कायले आनलं हे. तो म्हने मांगं लहानच राहू दे, समोर मोठं लावू, पाहू काय होते. लावलं. लोक हासले. शेजारचा चहावाला म्हने युसूफभाई, समोरून म्हैस अन् मांगून बकरी, हे काय जनावर बनवलं. नंतर आमाले त्या अमरावतीच्या पोराईनं सांगतलं का कंपन्याबी अशा सायकली बनवून राहिल्या, मुद्दाम, समोर मोठं अन् मांगं लहान. युसूफ म्हने पाह्य, मी तर अडानीपनात केलं अन् ते शिकून करून राहिले.

चालवायले ती कशी, सांगतो. चढावर नाक वर उचलते ती, थोडं ढिलं बसलं का समोरचं चाक हवेत, म्हनून छाती हँडलवर टाकून चढा लागते, आपलं नाक पार ब्रेकच्या तारीले लागते. पन उतारावर तिच्यासारखी सायकल नाई. समोरचं मोठं चाक गोट्यावर चढते अन् उतरते, तुमाले समजतच नाई का गोटा व्हता, अन् मांगचं लहान चाक वळनावर चटकन फिरते. मांगं शॉकअप नाई तिले, मांगून सारा मार सरळ वर येते, तर पायडलवर उभं राहून, गुडघे ढिले सोडून, अंग मांगं नेऊन उतरा लागते. युसूफ म्हने आपले गुडघे हेच मांगचं शॉकअप, अल्लानं फुकट देल्लं. मी मंग माह्यासाठी एक साधी गेरची घेतली अन् दर रविवारी दुकान बंद ठेवून आमी घाटात जाऊ. पंचेचाळीस-सत्तेचाळीस वर्षाचे मानसं आमी, घरचे म्हनत याईले पागलपन लागलं. लागलंच व्हतं.

मंग त्याच्या डोयाचं सुरू झालं. आधी मले वाटलं त्याले घमंड आली, कारन कोनी बाजूनं सलाम केला तर तो पाहेच ना. मंग चहाचा कप बाजूले ठुला का त्याले धक्का लागे, रोजचंच. एका दिवशी मी म्हनलो काहून बे, दिसत नाई का तुले, गमतीनं म्हनलो. तो म्हने नाई दिसत. हातातला पाना खाली ठुला अन् म्हने देवा, मले समोरचं दिसते फक्त, नळीतून पाह्यल्यावानी, बाजूचं सारं काळं होऊन राहिलं. अमरावतीच्या डाक्टरले दाखवून आल्ता, एकटाच, घरी सांगतलं नव्हतं. डाक्टर म्हने खानदानी आजार आहे, मांगचा पडदा सुकत जाते, याले दवा नाई. त्याच्या अब्बाचंबी तसंच झालं व्हतं, आमाले वाटे म्हातारपन. युसूफनं माहा हात धरला अन् म्हने नसीमले सांगू नको, ती सायकल बंद करन, नळी जवापर्यंत उघडी आहे तवापर्यंत मले चालवू दे.

मी सांगतलं नाई. चांगलं केलं का वाईट केलं, तुमीच ठरवा. मी नाई सांगतलं.

मंग आमी एक रीत पाडली. मी समोर, तो मांगं. लाल मोठा बनियन घालत जाव मी, त्याच्या नळीत दिसला पाह्यजे म्हनून, अन् आवाज देत जाव. डावीकडं गोटा. उजवीकडं नाला. फांदी, मुंडकं खाली. खुंट, डावा खुंट. असं दोन वर्षं चाललं राजेहो, दर रविवार. घसा बसे माहा. मान मांगं वळवून वळवून दुखे. तो मांगून खुशीत गाने म्हनत येई, मी म्हनाव चूप बस, आवाज आयकू येईन का तुले, तर तो म्हने गान्यातबी आयकू येते.

हिवाळ्याचा रविवार व्हता. वर पठारावर पोहचलो, उन्हात बसून भाकर खाल्ली, अन् जुन्या बैलगाडीच्या वाटेनं उतराले लागलो. ती वाट सागाच्या जंगलातून खाली नाल्यापर्यंत जाते, रुंद आहे, मोठे वळन नाईत, आमची पाठ झालेली. अन् मले काय झालं ते मी तुमाले खरं सांगतो, कोनाले इतके वर्षं नाई सांगतलं, एकाच मानसाले सांगतलं. मले मोकळं जायचं व्हतं. दोन वर्षात मी एक उतार मोकळा उतरलो नव्हतो. मान वळवायची नाई, आवाज द्यायचा नाई, फक्त आपली सायकल अन् आपला उतार, बस. मी त्याले थांब म्हनलो नाई, हळू ये म्हनलो नाई, काहीच म्हनलो नाई. बिरेक सोडले. मांगून त्यानं एकदा हाक मारली, देवा, ती मले आयकू आली. मी गेलो.

काय वारं व्हतं. मी तुमाले खोटं नाई सांगत, मी खुश व्हतो. खाली नाल्यावर पोहचलो, तोंड धुतलं, पानी प्यालो, अन् बसलो वाट पाहत. तो आला नाई. मंग मी सायकल तथीच टाकली अन् पायी वर पळत सुटलो.

अर्ध्या वाटेत पडलेला व्हता. वाटेच्या कडेले सागाचा खुंट व्हता, कापलेला, कमरेइतका, त्याले हँडलचं डावं टोक लागलं अन् तो समोरून उडून मानेवर पडला. समोरचा गोटा त्या मोठ्या चाकानं खाल्ला असता, पन हे बाजूचं व्हतं. सायकलले खरचटलंबी नव्हतं. युसूफ शुद्धीवर व्हता. मले म्हने देवा, माहे पाय कुठी आहेत रे.

लाकडं तोडनारे चार कोरकू आदिवासी व्हते जवळ, त्याईनं खाट आनली, सडकेपर्यंत उचलून नेलं, तथून गाडीनं अमरावती. नसीम भाबी डाक्टरले भेटून दवाखान्याच्या दारात आल्या, पायात चप्पल नव्हती, म्हने क्या हुआ, आँखों का क्या बोल रहे डाक्टर, तुमको मालूम था क्या. मी म्हनलो मालूम व्हतं भाबी. मंग म्हने तर पडले कसे, तुम तो आगे थे. अन् माह्या तोंडातून निघालं, मी आवाज देल्ला व्हता, त्याले आयकू नाई आला. निघालं ते निघालं. मंग भाबी परत अंदर गेल्या, त्याले विचारलं, अन् तो म्हने हो, त्यानं आवाज देल्ला, माहंच ध्यान नव्हतं. मी त्याच्या खोलीच्या दारात उभा व्हतो. त्यानं माह्याकडं पाह्यलं, नळीतून, अन् मान फिरवाले गेला तर मान फिरे ना.

आठ महिने तो घरी खाटेवर व्हता, सायकल आंगनात उभी. मानेखालचं काहीच हालत नव्हतं. मी रोज सकाळी जाव, कूस बदलून द्याव, आंग पुसाव, दाढी करून द्याव, मंग दुकान उघडाव, संध्याकाळी परत जाव. वाट पाहो का आता हा मले शिवी देईन, आता देईन. एका दिवशी दाढी करता करता मीच सुरू केलं, युसूफ, त्या दिवशी मी... तर तो मंधातच म्हने, देवा, त्या सायकलच्या बेरिंगचे छर्रे बदलले का, ओल लागली असन तिले. मी म्हनलो बदलतो. तो म्हने बदल मंग, बाकी राहू दे. त्याच्यानंतर मी तो विषय कधी काढला नाई.

पावसाळ्यात गेला. पाठीले जखमा झाल्या, ताप आला, उतरलाच नाई. मी खांदा देल्ला, कबरीत माती टाकली, घरी आलो तर शोभा म्हने जेवा, मी जेवलो. मानूस जेवते.

चाळीसावा दिवस झाला अन् मी भाबीकडं गेलो. मशीन चालू व्हती. मी उभ्यानंच सांगतलं, भाबी, मी आवाज देल्ला नव्हता, मले मोकळं जायचं व्हतं, मी त्याले सोडून गेलो. मशीन थांबली. बाहेर भाजीवाली ओरडून गेली तितकं आठोते. मंग भाबी म्हने, उनो मेरे को बोले थे के देवा ने आवाज दिया था. मरते मरते भी येइच बोले. तुम्हारे वास्ते झूठ बोल के गए, अब वो झूठ मैं कैसे तोडूं, तुमीच बताव. मी रडलो. त्या नाई रडल्या. म्हने ये सायकल मेरे आँगन से ले जाव, चलाव या बेच दो, मेरे को नक्को दिखाव. अन् पोरीले यातलं काही सांगू नका. इतकं म्हनून मशीन परत सुरू.

सायकल घेऊन आलो. वर्षभर हात लावला नाई. मंग एका रविवारी छर्रे बदलले, ग्रीस भरलं, अन् बसलो तिच्यावर. पयल्या चढालेच तिनं नाक उचललं अन् मी मांगं पडलो. आता जमते. डांबरी सडकेनं जातो, पठारावर बसतो, डांबरी सडकेनंच उतरतो. त्या वाटेनं नाई जात. मले विचारलं तर लोकाईले सांगतो का गुडघे दुखतात.

भाबी ईदीले शिरखुर्मा पाठवतात, पोरीच्या हातानं, सोता दुकानावर येत नाईत. भेटलो तर बोलतात, तब्येत कशी म्हनतात, शोभाले विचारतात. पयलेसारखं हसनं नाई राहिलं. पोरीचे डोये दाखवले अमरावतीले, डाक्टर म्हने सध्या साफ आहेत, दर वर्षी दाखवत जा. लग्न झालं तिचं, धामनगावले देल्ली, मास्तरीन आहे. मांगच्या ईदीले आली तवा दुकानात बसली माह्यापाशी अन् म्हने चाचा, अब्बू पडले कसे, अम्मी नीट सांगत नाई, तुमी तर संगं व्हते. इतक्या दिवसानं विचारलं तिनं. मी म्हनलो बेटा, मी आवाज देल्ला व्हता, वारं लय व्हतं, आयकू नाई आला त्याले. तर ती माहा हात धरून म्हने चाचा, तुमी सोताले दोष नका देऊ. आता सांगा, असं लेकरानं म्हनल्यावर मानसानं कुठी जावं.

तुमी आले, म्हनले देवाभाऊ तुमची गोष्ट लिहितो, तर मी काल भाबीकडं जाऊन विचारलं, सारं सांगू का. ब्लाउजची शिवन उसवत बसल्या व्हत्या. म्हने, पोरगी पढी-लिखी है, पढ़ लेगी. मी म्हनलो म्हनूनच विचारून राहिलो. तर म्हने, मैंने सँभाला जितना सँभालना था, अब तुम जानो. नाई म्हनल्या नाईत. हो बी नाई म्हनल्या.

तर लिहा भाऊ, जसं सांगतलं तसं लिहा, बदलू नका काही. वाचून ती दारात येईन का कधीच येनार नाई, ते मले मालूम नाई, जे होईन ते माहंच आहे. तिचे डोये शाबूत राहो, इतकंच मांगतो देवाले, अन् युसूफच्या अल्लालेबी. घ्या, चहा प्या, थंडा होऊन राहिला.