डिस्क अजून फिरून राहिली

नाही, नाही — मेन स्विचवरचा हात काढ गा भाऊ, आधी हात काढ. मीटर बदल, मी कुठी नाही म्हणतो, कागदावर सही पण मीच केली — पण आत कॉम्प्युटर चालू आहे अन् त्याले डिस्क लावून आहे. जुनी डिस्क, वायरनं बाहेरून लावतेत ते. आईक — टिक-टिक आवाज येऊन राहिला न? तोच. नंदनवनातल्या कॉम्प्युटरच्या दुकानवाल्यानं सांगितलं, काका, आत चकती फिरते, फिरता फिरता लाईट गेली का खेळ खतम. मागच्या हप्त्यात लाईट गेली होती तं डिस्क दिवसभर उघडली नाही, मी नुसता हात जोडून बसलो होतो त्या डबड्यापुढं. इन्व्हर्टर? त्याची बॅटरी फुगून पडली आहे उन्हाळ्यापासून.

काढून टाका म्हणशील — टाकतो न, पण अशीच ओढून नाही काढता येत. खाली कोपऱ्यात बारीक निशाणी असते, ते दाबायची, मंग कॉम्प्युटर सांगते, आता काढली तं चालते. तू गेट वाजवलं तेव्हाच दाबून पाहिली मी. काय म्हणते तं — डिस्क वापरात आहे, नंतर काढा. वापरात काहून नसन? तिकडं पाह्य, दारातून दिसते — पाठमोरी बसली आहे न खुर्चीवर, हिरव्या साडीत, ते माही बायको, प्रेमिला. ती व्हिडिओ पाहून राहिली. उन्नतीचा, आमच्या पोरीचा, लहानपणचा वाढदिवस. तो व्हिडिओ बंद केल्याशिवाय डिस्क सुटत नाही, अन् बंद केला तं — थांब न गा, सांगतो, तू चहा घेतं का?

तिले आठवत नाही काही. वेडी नाही झाली, विसरते. पोरीले ओळखत नाही, घर ओळखत नाही, गळ्यातलं मंगळसूत्र हातात धरून विचारते, हे कोणाचं आहे. अन् जेवाले मागत नाही. व्हिडिओत ती पोरीले केक भरवते न, ते पाहून इथं ही पण तोंड उघडते, मंग मी घास देतो. म्हणून लावतो. दुकानवाला म्हणे, काका, आता ही डिस्क चालूच नका करू, कपाटात ठेवा. कॉपी करून पाहिली त्यानं, अर्ध्यात अटकते. पोरगी आली का पुण्याले नेऊ द्या म्हणे, तिथं मोठे कारागीर आहेत, निघालं तं निघन. उन्नती रविवारी येऊन राहिली. मी दुकानात हो हो म्हटलं अन् घरी येऊन लावली. रोज लावतो. आता उपाशी कसं ठेवू तिले —

नाही. तुह्यापाशी खोटं कायले बोलू, तू काय आमच्या नात्यातला आहे. जेवते ती. शेजारची नीला येऊन भरवते तं मुकाट जेवते, व्हिडिओ नसला तरी. मीच लावतो, माह्यासाठी. त्या व्हिडिओत मी कुठीच नाही दिसत, कॅमेरा माह्याच हातात होता न — पण आवाज आहे माहा. 'प्रेमा, इकडे पाह्य वं,' असं म्हणतो मी, अन् ती पदर सावरते, लाजते, म्हणते, 'अवो, बंद करा न आता.' तेवढं आलं का खुर्चीतली ही पण हसते. मागं वळते, माह्याकडे पाहते अन् म्हणते — अवो. बस. लग्न झाल्यापासून अवो म्हणूनच हाक मारली तिनं, नाव कधी घेतलं नाही माहं. चहा होईपर्यंत टिकते, मंग गेलं. बाकी दिवसभर मले भाऊ म्हणते. केस विंचराले गेलो तं ओरडते, परका माणूस घरात शिरला म्हणून, लोकं दारात येतेत. सांग न, तू ठेवली असती रविवारपर्यंत कपाटात? मले नाही जमलं. रोज थोडी थोडी मारून राहिलो मी त्या डिस्कले, मले काय समजत नाही? टिक-टिक रोज वाढून राहिली अन् मी रोज लावून राहिलो.

थांबतो म्हणतं? खरंच? तेवढा भाग येऊ दे, केक कापून झाला आहे, आता येईनच माहा आवाज — अरे. खडखड झाली, आईकलं? चित्रच थांबलं. आता चाललं. नाही भाऊ, नको. आज आईकाच्या नादात गेली तं उन्नतीले काय दाखवू, अन् पुढं मी काय आईकू. बंद करतो. तू तिथंच उभा राह्य, मी आतून सांगतो.

बंद केला. दाबली निशाणी. फिरून राहिली अजून... आलं. आता काढली तं चालते म्हणते. हे पाह्य, निघाली — गरम आहे किती. रुमालात बांधून ठेवतो, हात लावत नाही आता.

काय वं? हो. हाव बाई, झालं.

आईकलं न भाऊ? मले विचारते, झालं का जी तुमचं मीटरचं काम.

पाड गा बटन. माह्या तोंडाकडे नको पाहू, पाड.