दत्ताकाकांची सुधारित वंशावळ

तुम्हाला सांगते, मला आधी खटकलं ते इतकंच, की दत्ताकाकांच्या मेलमध्ये त्या दिवशी ‘निषेध’ नव्हता. आमचा बडोद्यातल्या मराठी घराण्यांच्या वंशावळी जमवणारा हौशी गट. आमची मेलिंग लिस्ट ज्या फुकट कंपनीकडे होती, ती प्रत्येक मेलखाली जाहिराती चिकटवायला लागली, म्हणून लिस्ट दुसरीकडे हलवायचा ठराव मी मांडला होता. काका एकटे विरोधात; रोज मेलमध्ये ‘निषेध’ लिहायचे. त्या सकाळी त्यांच्याकडून नुसती फाइल आली, ‘आमच्या घराण्याची सुधारित वंशावळ’. उघडली, तर त्यांच्याच नावामागे ‘कै.’ आणि पुढे कालची तारीख!

घरच्यांनीच पाठवली असणार. सुभानपुऱ्याच्या मीनाताईंना फोन केला.

‘‘बघितलं गं! लिस्टवर श्रद्धांजल्या सुरूसुद्धा झाल्या. मी परवाच त्यांना हट्टी म्हातारा म्हटलं, आता काय तोंडाने लिहू?’’

‘‘ताई, ठराव माझा होता. माझ्यामुळे गेले हो!’’

‘‘रडू नकोस. आधी त्यांच्या हरणी भागातल्या घरी फोन लाव.’’

लावला. एंगेज. तासभर एंगेज. नातेवाइकांना कळवत असतील, या विचाराने मला आणखीच रडू फुटलं. शेवटी एकदाची रिंग गेली आणि कोणीतरी उचलला.

‘‘हां, बोलो!’’ खुद्द काका.

‘‘काका... तुम्ही आहात?’’

‘‘आहे की! लिस्ट हलवणार असाल, तर तुमच्यापुरता मेलोच. म्हणून रीतसर नोंद केली. तासभर ह्याच फोनच्या लाइनवर नेट लावून श्रद्धांजल्या वाचत होतो. त्या मीनाची अजून आली नाही ती?’’